उघडी कोंबडी आणि कोरियन सासूबाई

ऐंशीच्या दशकात आम्ही जर्सी सिटीत राहायचो. मी तिशीतली, कोल्हापूरची, आणि कोंबडी कशी करावी हे अमेरिकेनं माझ्याकडून शिकावं, अशा ठाम मताची. अमेरिकेनं कधी विचारलं नाही. विचारलं ते समोरच्या दारातल्या कोरियन शेजारणीनं.

तिची सासू कोरियाहून यायची होती. पोरानं लग्न इकडेच उरकलेलं, त्यामुळे सासूबाई सुनेचं तोंड पहिल्यांदाच बघणार. भर उन्हाळ्यात त्यांच्याकडे कोंबडीचं गरमागरम सूप करतात, सामग्येतांग. ते केलं की सासूबाईंना आपण पसंत पडू, असं शेजारणीला वाटत होतं. आणि नेमका तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये!

"यू, माय हँड," ती मला म्हणाली.

मी मसाल्याचा डबा घेऊन निघाले, तर आमचे हे म्हणाले, "अगं, सूप करायला चाललीस की लढाईला?"

डबा तिनं दारातच काढून घेतला. हळद नाही, तिखट नाही, फोडणी तर नाहीच. लहानशा अख्ख्या कोंबडीच्या पोटात भिजवलेला चिकट तांदूळ, लसूण, सुकी लाल बोरं आणि जिनसेंगचं मूळ भरायचं आणि पाण्यात मंद शिजवायचं. हे तर आजाऱ्याचं जेवण, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा विमानतळावरून फोन आला. ती बोलायला आत गेली आणि मला राहवेना. कोंबडीला कातडी तशीच! आमच्याकडे असली कोंबडी चुलीपर्यंत पोचायची नाही. मी ती सोलून अगदी गुळगुळीत केली, वर स्वतःवर खूशही झाले.

ती परत आली आणि मटकन खुर्चीत बसली. पोटातला भात आत राहावा म्हणून कातडीला चीर देऊन त्यात तंगड्या अडकवायच्या असतात. आता कशात अडकवणार?

"शी विल थिंक आय नो नथिंग," ती रडवेली झाली. दुसरी कोंबडी आणायला वेळ नव्हता. मी घरून पांढरा दोरा आणला आणि कोंबडी करकचून बांधली.

संध्याकाळी सासूबाईंनी झाकण उघडलं. भात सुटून सुपाची पेज झालेली. त्या बघतच राहिल्या, मग काहीतरी पुटपुटल्या. मुलगा कसनुसा हसत म्हणाला, "आई विचारतेय, हिचे कपडे कुणी काढले?"

मी वर्गातल्या पोरीसारखा हात वर केला.

सासूबाई तोंडावर हात ठेवून अशा गदगदून हसल्या की टेबल हललं. मग चव घेतली. परत घेतली. एक तंगडी माझ्या वाडग्यात टाकली. दुसरीचं मांस सोडवून, फुंकून, सुनेच्या तोंडाशी नेलं. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून सुनेनं लहान पोरीसारखा आ केला.