पूर्व जर्मनीचा आग्रह

दोन हजार चार-पाचची गोष्ट. लीड्सला मी पीएचडी करत होतो. विषय भारदस्त: नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी आपल्याला मान्यता द्यावी म्हणून पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सरकारने मारलेल्या खेपा. त्यांना मान्यता द्याल तर आपलं फाटलं, अशी पश्चिम जर्मनीची तंबी. त्यामुळे आपल्यासारखे देश पाहुण्यांना चहा पाजायचे, गोड हसायचे आणि मान्यतेचं नंतर बघू म्हणायचे.

माझ्या सुपरवायझरबाईंनी मात्र बजावलं होतं, "त्या काळातला एक तरी माणूस बोलता करा. नाहीतर भारताचं प्रकरण काढून टाका."

ते काढल्यावर प्रबंधात उरणार काय? प्रस्तावना आणि आभार.

माणूस सापडला साउथहॅम्प्टनला. मुलीकडे राहणारे जर्मन आजोबा. पूर्व जर्मनीच्या मुंबईतल्या व्यापार कचेरीत होते. काम राजदूताचं, पाटी व्यापाऱ्याची. ट्रेनमध्ये मी प्रश्न घोकत गेलो.

त्यांनी केक पुढे केला. मी "नको" म्हणालो. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा त्यांनी न विचारता वाढला. मुंबईत राहिलेला माणूस!

मग मी विचारलं, "मान्यतेसाठी तुम्ही दिल्लीत कुणाला काय काय दिलंत?"

"जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी."

"बरं बरं," म्हणून मी रेकॉर्डर बंद केला आणि केकची स्तुती सुरू केली.

आजोबा बघतच राहिले. "झालं? एवढ्यासाठी लीड्सहून आलात? तुमच्या देशाने आम्हाला कितीदा नंतर बघू म्हटलं, आम्ही गप्प बसलो का? आग्रह करा की!"

केला. मग आजोबा असे खुलले! छापखान्याची यंत्रं, शिष्यवृत्त्या आणि एका बड्या असामीची अशी गंमत, की मी मनातल्या मनात अख्खं प्रकरण लिहून मोकळा झालो.

निघताना ते म्हणाले, "ती गंमत छापायची नाही हं."

आता शहाणा झालेला मी हसलो. "असं कसं? छापू द्या."

"नाही."

"अहो, थोडीशी?"

"नाही."

तिसऱ्यांदा तोंड उघडलं तोवर कोट माझ्या हातात होता आणि दार सताड उघडं.

"मघाचा नकार मुंबईचा होता," आजोबा म्हणाले. "हा जर्मन आहे."

प्रकरण बचावलं. फक्त त्यात यंत्रं इतकी झाली, की बाईंनी विचारलं, "हा प्रबंध परराष्ट्र धोरणावर आहे की छपाईवर?"