तीन फुटांची टाकी

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरावरची पत्र्याची टाकी गंजली, तेव्हा मी नवी करायला टाकली. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, म्हणून थोडी मोठी करावी म्हटलं. जुनी लांबी, रुंदी, उंचीला दोन-दोन फूट होती, नवी तीन-तीन फूट सांगितली. म्हणजे दीडपट. गॅसची टाकी कधी लावली याची तारीखही भिंतीवर लिहून ठेवणारा मी. यात चूक असेल असं मनातही आलं नाही.

टाकी चढवताना वेल्डर म्हणाला, "छत बघून घ्या साहेब. गर्डरवर नुसती शहाबादी फरशी हाय, आन् ही लई मोठी हाय की."

"दीडपटच आहे. जुनीनं इतकी वर्षं काही झालं नाही."

"तुमी हिशोबाची माणसं. तुमाला मी काय सांगणार?"

पाण्याच्या दिवशी सकाळी मोटर लावली. जुनी टाकी दहा मिनिटांत भरायची, म्हणून पंधराव्या मिनिटाला वर गेलो. आत हात घातला. पाणी निम्म्यावरही आलं नव्हतं. आधी वाटलं, मोटर कमी ओढतेय. मग तिथेच उभ्या उभ्या गुणाकार केला. दोन दुणे चार, चार दुणे आठ. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस.

आठाचे सत्तावीस. तिपटीहून जास्त. मी धरलेलं दीडपट वजन आत्ताच झालं होतं आणि मोटर चालूच होती. टाकी भरली असती तर साडेसातशे किलो, चार लोखंडी पायांवर. त्यांच्या खालच्या खोलीत माझी मुलगी बारावीचा अभ्यास करत बसली होती.

"मोटर बंद कर," मी वरून ओरडलो.

"भरली?" बायकोनं अंगणातून विचारलं.

"बंद कर आधी. आणि तिला खोलीतून बाहेर काढ."

मोटर थांबली. खालून मुलीचा आवाज आला, "बाबा, दोनच मिनिटं. आणि वरून वहीवर माती पडतेय, ती कसली बघा ना."

पाऊल उचलायचीही भीती वाटली. माझंही वजन त्याच छतावर होतं. "वही राहू दे. ऊठ," एवढंच म्हणालो. बायकोनं तिला दंडाला धरून ओढल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठे मी टाकीचा खालचा नळ सोडला.

पाणी पन्हळीतून गल्लीत पडायला लागलं. "काका, पाणी जास्त झालं वाटतं तुमाला?" शेजारीण म्हणाली. "आमच्याकडं पाइप लावा की."

टाकी रिकामी झाली तसा मी कडेकडेनं खाली उतरलो.

खोलीत जाऊन पाहिलं. छताच्या फरशीला भिंतीपासून गर्डरपर्यंत चीर गेली होती, बरोबर तिच्या खुर्चीच्या वर.

टाकी आता अंगणात जमिनीवर आहे. जुन्या टाकीइतकं पाणी हिच्यात कुठवर येतं, तिथे मी लाल रेघ मारली आहे. साडेदहा इंचांच्या जराशी वर. छत तडकलं तेव्हा पाणी या रेघेच्या सहा इंचही वर नव्हतं. दर पाण्याच्या दिवशी ती बघतो, आणि दर वेळी वाटतं, एवढंसंच? आणखी वीतभर त्या छतानं सहज पेललं असतं.

मग आत जाऊन बघतो, मुलगी कुठे बसली आहे.