सलामी न झालेली कुस्ती

आई म्हणायची, ह्याच्या जिभेला हाड नाही. लहानपणी मला त्याचा अभिमानच वाटायचा. पुढं पलटणीत गेलो, तर तिथंही माझ्या बडबडीवर सगळा तंबू खूश. त्याच जिभेनं मी एका माणसाचं वाटोळं केलं, आणि सख्ख्या बहिणीचंही. आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला बसलोय तर सगळंच सांगतो.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठी. दुसऱ्या लढाईत गावातली निम्मी पोरं पलटणीत होती, त्यातलाच मी. तिथं भेटलेला माझा दोस्त सांगलीकडचा, सांगलीच्या तालमीत तयार झालेला पैलवान. दोन्ही कान मोडून त्यांच्या गाठी झालेल्या, मान ही एवढी, आणि बोलणं दिवसाला दहा शब्द. मी बोलायचं आणि त्यानं हसायचं, असं आमचं जमलं. इटलीच्या डोंगरात थंडीनं बोटं वळायची नाहीत, तरी हा गडी पहाटे उठून जोर-बैठका काढायचा. मी म्हणायचो, लेका, इथं कुणाला चीतपट करायचंय? तो म्हणायचा, घरी गेल्यावर वस्तादांना काय तोंड दाखवू? त्यांना त्यानं शब्द दिला होता, की त्यांना विचारल्याबिगर परक्या फडात उतरायचं नाही.

असा माणूस शोधून सापडायचा नाही, म्हणून मीच वडिलांना पत्र लिहिलं. धाकटी बहीण लग्नाला आली होती. चार यत्ता शिकलेली. माझी पत्रं घरात तीच वाचून दाखवायची, तेव्हा स्वतःचं स्थळ तिनंच सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं असणार. त्याच्या घरची माणसं आली, मुलगी बघून गेली, सुपारी फुटली, लुगडं-नारळ झालं. नवरदेव मात्र इटलीत खंदक खणत होता. घरचं पत्र आलं त्या दिवसापासून मी त्याला चारचौघांत दाजी म्हणून हाक मारायला लागलो. तो लाजायचा आणि सगळे हसायचे. पत्रांतून मी बहिणीला त्याचं सगळं कळवायचो. काय खातो, कसा हसतो, वस्तादांना काय शब्द दिलाय, सगळं.

लढाई संपली. जहाजाची वाट बघत आम्ही समुद्राकाठच्या छावणीत पडून होतो. घर डोळ्यांपुढं दिसत होतं आणि दिवस सरत नव्हते. अशात एका संध्याकाळी गावात जायची परवानगी मिळाली. आम्ही दोघं आणि तंबूतले आणखी तिघं, ते नगर-रत्नागिरीकडचे, असे पाच जण निघालो.

त्या गावात त्यांच्या देवाची जत्रा होती. अगदी आपल्यासारखी. रस्त्यावर दिव्यांच्या माळा, पाळणे, मिठाईच्या पाट्या, नवे कपडे घातलेली पोरं. आम्हाला वाटलं, घरीच आलो. एका दुकानात रेशमी रुमाल टांगले होते. दाजी तिथं थबकला. बराच वेळ उभा राहिला आणि मग खालच्या आवाजात मला विचारलं, कुठला रंग शोभंल? कुणाला, ते म्हणाला नाही. मी लगेच बाकीच्यांना ओरडून सांगितलं, या रे या, नवरदेव बस्ता बांधायला लागले. बिचारा कानापर्यंत लाल झाला. पण रुमाल घेतलाच, पिवळा. घडी घालून खिशात ठेवला, आणि खिशावरनं दोनदा हात फिरवला.

पुढं फळ्यांचा एक मंच होता, भोवती दोर. वर एक आडदांड माणूस उघड्या अंगानं उभा होता, आणि एक जण ओरडून गर्दीतल्या गड्यांना वर बोलवत होता. कुस्तीच होती ती. दोन-तीन जण वर गेले आणि धाडधाड आपटून खाली आले. त्या आडदांडाचेही कान मोडलेले. त्याची नजर आमच्या गड्याच्या कानांवर गेली, तो हसला आणि त्यानं हात केला. पैलवानानं पैलवानाला ओळखलं. दाजीनंही हसून मान हलवली, नको म्हणून.

एवढ्यावर संपायला पाहिजे होतं. पण शेजारी चार-पाच गोरे शिपाई उभे होते, प्यालेले. ते आमच्याकडं बघून काही बोलले आणि खिदळले. काय बोलले कुणास ठाऊक. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी दाजीला म्हटलं, चढ वर. तो म्हणाला, वस्तादास्नी शब्द दिलाय. मी म्हटलं, वस्ताद इथं बघायला येतोय काय? तो म्हणाला, चल, जाऊ या. आणि वळला.

तेव्हा मी बोललो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"माझी भन काय भित्र्याच्या घरात द्यायची व्हय रं?"

तो थांबला. माझ्याकडं नुसतं बघितलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला, सदरा काढून दुसऱ्याकडं दिला, वाकून मंचाखालची मूठभर माती घेतली आणि वर चढला.

आमच्याकडं फडात हलगी आधीपासनंच कडाडत असते. हलगी वाजली म्हणून कुणी कुणाला धरत नाही. दोघं माती कपाळाला लावतात, एकमेकांच्या हातात माती देतात, ती सलामी. सलामी झाल्याशिवाय पैलवानाच्या अंगाला बोट लावणं म्हणजे पाप. तिथं हलगीच्या जागी घंटा होती. घंटा वाजली. आमच्या गड्यानं ती हलगीसारखीच ऐकली. खाली वाकून फळीला हात लावला, माती कपाळाला लावली, आणि मान खाली घालून उरलेली माती समोरच्यापुढं धरली.

त्या लोकांत घंटा वाजली की कुस्ती सुरू. तो माणूस धावत आला. त्याचं कोपर दाजीच्या डाव्या डोळ्यावर बसलं, आणि दाजी कोपऱ्यातल्या खांबावर आपटला. तिथं दोर बांधायचा लोखंडी आकडा होता. तो त्याच डोळ्यात गेला.

मी वर कसा पोचलो ते आठवत नाही. पिवळा रुमाल त्याच्या डोळ्यावर दाबून धरला, तर तो बघता बघता भिजला. गडी ओरडला नाही, विव्हळला नाही. मूठ अजून वळलेली होती, मातीसकट. एवढंच म्हणाला,

"सलामी तरी घ्यायची हुती गड्या त्यानं."

मी त्या पैलवानाला आईबहिणीवरनं शिव्या घातल्या. तो गुडघ्यावर बसला होता, घंटेकडं बोट दाखवत होता, छातीवर हात मारून काही सांगत होता आणि रडत होता. आता वाटतं, त्याची काय चूक? त्यानं त्याच्या रिवाजानं केलं, आमच्या गड्यानं आपल्या. शिव्या मलाच पाहिजे होत्या. खिदळणाऱ्या त्या गोऱ्यांपैकीच एकानं पळत जाऊन गाडी आणली.

डोळा काढून टाकावा लागला. साहेबानं विचारलं, तर दाजीनं सांगितलं, पाय घसरून पडलो. माझं नाव नाही, कुस्तीचं नाही, काहीच नाही. जहाजावर सगळा प्रवास तो माझ्याशेजारीच बसायचा. मी रोज ठरवायचो, आज पाय धरायचे. इतर वेळी बोलून माणसांचे कान किटवणारा मी, मला दोन शब्द सुचत नव्हते.

गावाकडं आमच्या आधीच बातमी पोचली होती. कुणी पोचवली देव जाणे. ती अशी, की पोरगा परदेशात दारू पिऊन गुत्त्यात मारामारी करताना डोळा घालवून बसला. घरी आल्यावर चार दिवसांनी वडिलांनी मला ओट्यावर बसवलं.

"डोळ्याचं काय न्हाई," ते म्हणाले. "लढाईवरनं आल्याला मानूस हाय, मी पोरगी दिली आसती. पन पिऊन मारामारी करनारा आसंल तर न्हाई देनार. त्याचा बा म्हंतोय, पोरगं कायबी सांगत न्हाई. तू हुतास तिथं. खरं काय ते सांग."

तो का सांगत नव्हता ते मला कळत होतं. सांगायचं तर चारचौघांत माझ्या बहिणीचं नाव कसं निघालं तेही सांगावं लागलं असतं. ते सांगायचं माझं काम होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी लढाई जिंकून आलेलो. छातीवर बिल्ले. गावातली माणसं मला बघायला येत होती. वडिलांच्या नजरेला नजर देऊन मी म्हणालो, "मी तंबूत हुतो. मला ठावं न्हाई."

दुसऱ्या दिवशी लुगडं-नारळ परत गेलं.

बहीण भाकरी थापत होती, तिथं मी पाणी प्यायला गेलो. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "दादा, तूच लिव्हलं हुतंस, त्यांनी वस्तादास्नी शब्द दिलाय म्हनून. आसला मानूस भांडंल कसा? तू खरंच न्हवतास तिथं?" मी म्हणालो, न्हाई. तव्यावरची भाकरी करपली, ती तिनं काढली आणि दुसरी थापायला घेतली. पुढच्या वर्षी तिला इस्लामपूरकडं दिली. भाऊबीजेला येते, ओवाळते. ओवाळताना ताटाकडं बघते, माझ्याकडं बघत नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी सांगलीला गुळाचा भाव बघायला गेलो होतो. पेठेत हळदीच्या पोत्यांजवळ तो उभा दिसला. अंगानं उतरलेला. मी त्याच्या डाव्या अंगानं, त्याला दिसणार नाही असा, मान खाली घालून पुढं निघालो. माझं मेल्याचं तोंड तिथंही गप्प बसलं नाही. वाटेत आडव्या आलेल्या हमालावर मी खेकसलो. त्या आवाजासरशी त्यानं सगळी मान वळवून उजवा डोळा माझ्याकडं आणला.

"मेव्हणं," तो म्हणाला. अजून मेव्हणं म्हणाला. "घरची समदी बरी हायती न्हवं?"

आणि हात पुढं केला. हळदीनं मनगटापर्यंत पिवळा झालेला, तळवा वर करून, जसा त्या मंचावर केला होता तसा.

माझे दोन्ही हात मोकळे होते. मी व्हय म्हणालो, आणि त्याचा हात तसाच ठेवून गर्दीत शिरलो.