न पाहिलेलं तळं

आमची अर्डिसताई दात काढायला निघाली तरी दोन वेळा सरहद्द ओलांडते. आमचं गाव मिनेसोटात, म्हणजे अमेरिकेत, आणि डॉक्टरही अमेरिकेतच. पण मधला रस्ता सगळा कॅनडातून. अडीचशे वर्षांपूर्वी कुणा नकाशावाल्यानं इथलं तळं न बघताच काढलं, त्यावरून साहेब लोकांनी सीमा ठरवली आणि आमचा तुकडा तळ्यापलीकडे लटकला. परत आलो की रानातल्या खोपटातून सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांना 'आलो' म्हणून फोन करायचा. फोन लागेपर्यंत ताई त्या नकाशावाल्याचा उद्धार करते. "मेल्या, एकदा येऊन बघायला तुझ्या बापाचं काय जात होतं?"

या हिवाळ्यात तिचा हीटर बंद पडला. दुरुस्तीवाला कॅनडा टाळून गोठलेल्या तळ्यावरून थेट येणार होता. ताईनं त्याला वाटेचा नकाशा काढून पाठवला. तो बिचारा बर्फावर भटकत पोचला कॅनडातल्या एका बेटावर, आणि तिथूनच माघारी गेला.

"अगं, वाट बेटाच्या उजवीकडून आहे!" मी ओरडलो. "तू कधी गेलीस का तिकडून?"

"मी कशाला मरायला जाऊ बर्फावर?" ताई उसळली. "लोक सांगतात तसं काढलं!"

हीटर अजून बंदच आहे. आणि खोपटात ताई आता फोन लागेपर्यंत गप्प उभी असते.