बापूंच्या टाचेचा फोटो

मंडळी, दर रविवारी मी या ग्रुपवर सांगायची ना, की बापूंची जखम वाढलेली नाही? ते सगळं खोटं निघालं.

बापू म्हणजे माझे वडील. नेरजवळच्या गावात भावाकडे राहतात. शुगरमुळे टाचेची जखम भरत नाही. मी पुसदला असते. भाऊ मोबाईलवर जखमेचा फोटो पाठवायचा, मी तो नागपूरच्या डॉक्टरांना पाठवायची. "आहे तशीच आहे, पट्टी चालू ठेवा," असं उत्तर यायचं.

आज न सांगता घरी गेले. दारातच वास आला. पट्टी सोडली तर टाच काळी पडलेली.

तिथंच बसून जुने फोटो उघडले. प्रत्येक फोटोत जखमेच्या कडेला कापसाचा तोच वाकडा धागा चिकटलेला. दर रविवारी एकच फोटो!

भावाला विचारलं, "काहून केलं असं?"

"बापूनंच सांगतलं, ताई. तू त्याले दवाखान्यात भरती केलं असतं. बोंडअळीतून वाचलेला कापूस मंग कोण वेचन?"

म्हणजे तशा पायानं वेचणी चालू होती! मी ओरडले, तर बापू मान खाली घालून म्हणाले, "रागावू नको माय. तो फोटो पाहून मलेबी बरं वाटे."

आता यवतमाळच्या दवाखान्यात बसले आहे. बापूंना आत नेलंय. शेजारी भाऊ आहे, त्याच्याशी बोलवत नाही.

फोटोवरून उपचार सुरू केले तेव्हा मी मोबाईलवर शंका घेतली, डॉक्टरांवर घेतली. घरच्यांवर घ्यायची राहूनच गेली. तुम्ही घेता का हो?