भामाबाईंचं रंग उडवायचं मशीन

१९९४ च्या जानेवारीत भामाबाई आणि प्रतापराव नामपल्लीच्या नुमाइशीत मिक्सर घ्यायला गेले आणि रंग उडवायचं मशीन घेऊन घरी आले. नुमाइश म्हणजे हैदराबादचं दर वर्षीचं मोठं प्रदर्शन. त्या काळात तिथे परदेशी वस्तूंचे नवे स्टॉल लागायला लागले होते. एका स्टॉलवर एक माणूस पिस्तुलासारख्या विजेच्या यंत्राने लोखंडी खुर्ची रंगवत होता. ब्रशाच्या रेघा नाहीत, ओघळ नाहीत. भामाबाई तासभर तिथून हलल्या नाहीत.

त्या तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. माहेर उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन गौलीगुड्यात आल्याला तीस वर्षं झालेली. शिक्षण सातवीपर्यंत. पण घरातला पंखा, कुलूप, शिलाई मशीन, जे बिघडेल ते खोलून बसायचं, ही त्यांची सवय. प्रतापराव आबिड्सच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि फ्यूज उडाला की बायकोलाच हाक मारायचे.

पहिल्याच रविवारी त्यांनी लोखंडी कपाट अंगणात काढलं. रंग डब्यातला तसाच, दाट, मशीनमध्ये ओतला. मशीन घरघरलं, थुंकल्यासारखे चार गोळे कपाटावर उडाले आणि बंद पडलं. मग त्यांनी भरपूर थिनर घातलं. आता फवारा सुटला तो असा, की कपाटावर ओघळ आणि शेजारच्या शशिकांतरावांच्या वाळत घातलेल्या धोतरावर हिरवे ठिपके. प्रतापराव म्हणाले, मशीन परत देऊन टाकू. भामाबाई शशिकांतरावांना नवं धोतर देऊन आल्या आणि मशीन गच्चीवर नेलं.

पुढचे पंधरा दिवस त्या दुपारी गच्चीच्या भिंतीवर नुसतं पाणी उडवत होत्या. उन्हात भिंत दोन मिनिटांत वाळायची, की पुन्हा सुरू. हात भिंतीपासून वीतभर लांब हवा. तो सरळ जायला हवा. कोपरातून फिरला की मध्ये जाड आणि कडेला पातळ बसतं. आधी हात हलवायचा, मग खटका दाबायचा. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ओल्या डागांवरूनच कळत गेलं. रंग जुन्या सुती लुगड्यातून गाळायचा, हेही त्यांचं त्यांनीच ठरवलं. मग नाकाला फडकं बांधून, चारी बाजूंनी चादरी लावून त्यांनी ते कपाट घासून पुन्हा रंगवलं. एक जाड हात देण्याऐवजी तीन पातळ हात. शशिकांतराव स्वतः बघायला आले आणि आपल्या खिडक्यांच्या जाळ्या देऊन गेले.

वर्षभरात गल्लीतल्या वेताच्या खुर्च्या, पाळणे, जाळ्या भामाबाईंकडे यायला लागल्या. कोणाकडून त्या काही घेत नसत; रंग आणून द्या, एवढंच म्हणायच्या. त्यांना ते काम मनापासून आवडायचं. नक्षीच्या जाळीत ब्रश जिथे पोचत नाही, तिथे रंग धुक्यासारखा जाऊन बसताना त्या श्वास रोखून बघायच्या.

एका संध्याकाळी अप्पाराव आला. तो त्या भागातला जुना तेलुगू रंगारी. भामाबाईंच्या घरची दारंही वीस वर्षं त्यानेच रंगवलेली. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि खाली बघत म्हणाला, “अम्मा, तीन घरवाले बोले, अब तुम नक्को, भामाबाई मशीन से करतीं. आगे बी तुमीच करते क्या, इतनाच पूछने आया.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून भामाबाईंना ते जास्त लागलं. आपण हौस म्हणून जे करतो ते कोणाचं तरी पोट आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. प्रतापराव म्हणाले, तू काही वाईट केलेलं नाहीस. त्या म्हणाल्या, तेही खरंच आहे, पण त्याने काय होतं.

दुसऱ्या दिवशी त्या अप्पारावच्या घरी गेल्या. आपल्या खिडकीची चौकट त्यांना आठवत होती: मशीनने रंगवल्यावर लाकडातला खड्डा न् खड्डा उठून दिसला होता. त्यांनी त्याला सांगितलं, “मशीन बस रंगच उडाती, अप्पाराव. लकडी तुमकुच समझती. तुम घिसो, लप्पम भरो. मशीन मैं सिखाती.”

अप्पाराव हो म्हणाला नाही. एका बाईकडून, तेही या वयात, शिकणं त्याला जड जात असणार. पाचव्या दिवशी मात्र तो नाकाला बांधायचं स्वतःचं फडकं घेऊन आला.

पहिलं काम मिळालं सुलतान बाजारजवळच्या बालवाडीचं: चाळीस लहान खुर्च्या आणि सहा दारं. अप्पारावने लाकूड घासून, खड्ड्यांत लप्पम म्हणजे लांबी भरून ते काचेसारखं गुळगुळीत केलं. खुर्च्या भामाबाईंनी रंगवल्या. दारांच्या वेळी त्यांनी मशीन त्याच्या हातात दिलं आणि मागे उभ्या राहिल्या. पहिल्या दारावर एक ओघळ आला, सहाव्यावर एकही नाही. त्यानंतर गल्लीतलं कोणी काम घेऊन आलं, की त्या अप्पारावचं घर दाखवायच्या.

दोन वर्षांनी अप्पारावने स्वतःचं मशीन घेतलं. शहरात तेव्हा जिकडे तिकडे फ्लॅट उठत होते. त्याला दिलसुखनगरपासून अमीरपेटपर्यंत कामं मिळाली. प्रतापराव निवृत्त झाल्यावर भामाबाईही दिलसुखनगरला फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. अप्पारावने रंगवायला माणसं पाठवतो म्हणून निरोप दिला होता, पण नव्या घराची सगळी दारं त्यांनी स्वतःच रंगवली. तो बघायला आला. दाराच्या वरच्या कडेवरून, बिजागरीच्या मागून, जिथे कोणी बघत नाही तिथून त्याने अंगठा फिरवला. कुठेच ओघळ लागला नाही. मग चपला काढून आत आला आणि चहा मागितला.