अवसेला दोन दिवस होते

मी आठ वर्षांची असताना आजी आणि आबाजी मला डहाणूला घेऊन गेले. ते माझ्या आईचे आईवडील. आई लवकर वारली आणि मी मोताळ्याला त्यांच्याकडे वाढले. वडील नागपूरला सेक्रेटरिएटमध्ये होते. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि सातव्या वर्षी मला तिथल्या नन्सच्या शाळेत, बोर्डिंगात घातलं. त्या हिवाळ्यात माझी छाती इतकी बिघडली की नन्सनी मला घरी पाठवलं. वडिलांच्या घरी नवं बाळ होतं, म्हणून घर म्हणजे पुन्हा मोताळाच.

डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली. आबाजींनी वडिलांना पत्र लिहिलं: पोरीला आम्ही नेतो, आणि जूनपासून ती आमच्याकडेच राहू द्या. पहिल्या गोष्टीला होकार आला. दुसरीबद्दल वडिलांनी लिहिलं, तिकडे येऊन बोलतो. म्हणजे माझा निकाल लागेपर्यंत आम्ही तिघं समुद्राकडे बघत बसणार होतो. मला हे माहीत होतं. मोठी माणसं माझ्यासमोर सगळं बोलत. मी गप्प असायची, म्हणजे ऐकत नसणार असं त्यांना वाटायचं.

मलकापूरहून गाडीत बसलो तेव्हा बरोबर ज्वारीचं पीठ होतं, तूप होतं, वळकटी होती. डहाणूला एका चिकूच्या वाडीत दोन खोल्या घेतल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी आबाजी वाळूत उभे राहून बराच वेळ बघत होते.

"एवढं पानी," ते म्हणाले, "आन् कपाशीच्या एका ओळीले कामाचं नाही."

आजीने हात जोडले आणि मग माझं मनगट धरलं. "हात लावाचा नाही बाई. अवसेबिगर समुद्राले शिवत नसतात. अवसेले आपुन तिघंबी आंघोळ करू, तुह्या मायच्या नावानं."

आम्ही वद्य पंचमीला पोचलो होतो.

रोज संध्याकाळी आबाजी काठीने वाळूत रेघ ओढत. त्या रेघेच्या पुढे मी जायचं नाही. भरती चढली की ते पायाने ती रेघ पुसत आणि मागे दुसरी ओढत.

"पानीच माह्याकडं आलं तं?" मी विचारलं.

"तं मांगं सराचं."

सुकी मासळी विकणारी एक म्हातारी कोळीण रोज आमच्याकडे बघून जायची. एकदा थांबली. "आजी, दर्या काय चावतो काय गो?"

"तुमचं घरच पान्यातलं, माय," आजी म्हणाली. "आम्ही पाव्हने."

कोळीण हसली, तशी मीही हसले. आजीने माझ्याकडे पाहिलं. असल्या समजुतींना काय म्हणतात ते मी शाळेत शिकले होते. तो शब्द मी उच्चारला नाही, पण नऊ दिवस तो माझ्या तोंडात होता. दुसरी पोरं पाण्यात जात, ओरडत, ओलीचिंब होऊन बाहेर येत. मी रेघेवर उकिडवी बसून ती मोजायची.

तेरसेला वडील आले. त्यांच्यासाठी वाडीवाल्याकडून खुर्ची आणली. आजी दाराआड गेली. जावयासमोर ती उभी राहत नसे. चहा पिता पिता वडिलांनी मला इंग्रजीत विचारलं, समुद्र कसा वाटला. मी सांगितलं, अजून हात लावलेला नाही. ते मोठ्याने हसले. बूट काढले, पँट दुमडली आणि माझा हात धरला.

दारामागून आजी आबाजींना म्हणाली, "त्यायले सांगा, अवसेले दोन दिवस हायेत."

आबाजींनी सांगितलं नाही. जावयाला कसं सांगणार.

पाणी कोमट होतं. एवढंच मला नीट आठवतं, आणि मी हसत होते. आबाजी रेघेच्या अलीकडे माझ्या चपला घेऊन उभे होते.

परत आलो तेव्हा माझा झगा कमरेपर्यंत भिजला होता. ओट्यावर आबाजी म्हणाले, "जावईबापू, पोरगी आता खोकत नाही. मोताळ्यात शाळा हाये. मास्तर चांगला हाये. सालभर तरी राहू द्या."

"मामाजी, तिलाच विचारू या," वडील म्हणाले, आणि मला इंग्रजीत विचारलं, तुला शाळेत परत यायचं आहे की इथे यांच्याकडे राहायचं आहे?

वडीलधाऱ्यांनी काही विचारलं की काय उत्तर द्यायचं ते नन्सनी घोटून घेतलं होतं. मी इंग्रजीतच म्हटलं, तुमची मर्जी असेल तसं.

वडील आबाजींकडे वळले. "ती म्हणते, मला शाळेतच जायचं आहे."

दाराआडून आवाज आला, "तिले आपल्या बोलीत इचारा."

आबाजी वाकले. "काय म्हनली बाई तू? सांग बरं मले."

मी काय म्हटलं ते मला माहीत होतं. वडिलांनी काय सांगितलं तेही कळलं होतं. मी पायांवरची वाळू बघत राहिले. आबाजी सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरं बाई."

आजी तांब्या घेऊन बाहेर आली. वडील तिथेच बसलेले असताना तिने माझे पाय धुतले, खसाखसा, दुखेपर्यंत.

संध्याकाळच्या गाडीने वडील आणि मी नागपूरला निघालो. आजी आणि आबाजी दुसऱ्याच दिवशी, चौदसेला, मोताळ्याला परतले. पुढे बोर्डिंगात आबाजींचं कार्ड आलं त्यात होतं: तुझी आजी म्हणाली, आता कोणासाठी थांबायचं.

वडील अजून पाहुण्यांना सांगतात की आठव्या वर्षी हिने स्वतः ठरवलं. पाहुणे कौतुकाने बघतात. मी चहाचे कप गोळा करते.

मोताळ्याला मी दर दिवाळीला चार दिवस जायची. शेजारणी विचारत, इतक्या दूर काऊन धाडली पोरगी? आजी सांगायची, "आम्ही नाही धाडली. तिच्याच मनात होतं." त्यात टोमणा नसायचा. तिला ते खरंच वाटत होतं. आबाजी आधी गेले, आजी गेल्या वर्षी. खरं काय ते सांगायला मला बारा वर्षं मिळाली होती.